‘भाबडेपणा’ या शब्दाबद्दल: सार्यानवरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

मार्तिरोस सार्यान या आर्मेनियन चित्रकारावरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. येरेवान या आर्मेनियाच्या राजधानीतलं त्याचं संग्रहालय म्हणजे समाजाची कृतज्ञता, असं मी त्या लेखात म्हटलं होतं. लगेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, आता नको, सकाळी लिही. आज तिसरी सकाळ आहे आणि आपलं ‘भाबडेपणा’चं वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोच.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की सार्यान येरेवानला 1921 साली राहायला आला, मी 1922 लिहिलं. लेख लांबला आहे, फोटो अस्पष्ट आहेत. 1937 साली आर्मेनियन कवी चारेंत्स तुरुंगात मेला तेव्हा सार्यान काय करत होता, हे मी लिहिलेलं नाही. आणि मग हे: “स्टॅलिन पारितोषिक घेतलेल्या सरकारी चित्रकाराला सरकारनं संग्रहालय बांधून दिलं, आणि चार दिवसांची सहल करून आलेले लेखक त्याला समाजाची कृतज्ञता म्हणतात. हा निव्वळ भाबडेपणा आहे.”

सालाची चूक मान्य. 1921च बरोबर. मी 1922 लिहिलं कारण डोक्यात सोव्हिएत आर्मेनियाचं राजचिन्ह होतं, त्यावरचा अरारात डोंगर त्याच्या हातचा आणि ते त्या साली आलं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून.

आता ‘चार दिवसांची सहल’. हे आपल्याला कुणी सांगितलं? माझा भाचा येरेवानला वैद्यकीय शिक्षण घेतो, तिथे आपल्याकडची पुष्कळ मुलं आहेत. तो पहिल्या वर्षी आजारी पडला तेव्हा मी आणि बहीण तिकडे गेलो. त्यानंतर आणखी दोनदा गेलो. तिन्ही मुक्काम मिळून सात आठवडे होतात. पहिल्या खेपेला त्याच्या खोलीत भाताची पेज शिजवत बसलो होतो, सहल कसली! तो झोपला की दुपारी दोन तास मोकळे मिळायचे, आणि त्या दोन तासांत मी चालत सार्यानच्या घरी, म्हणजे त्याच्या संग्रहालयात, जायचो. त्याच्याच नावाच्या रस्त्यावर ते घर आहे. आज त्या रस्त्यावर वाइनची दुकानं ओळीनं लागलेली आहेत, संध्याकाळी तरुण मुलांची गर्दी असते. मी दुपारचा जायचो, तेव्हा आत शांतता असायची. एकच चित्र किती वेळा पाहिलं याचा हिशेब ठेवला नाही. 1942चं, तीन वयांतली तीन स्वचित्रं एकाच फळीवर असावीत तसं: तरुण, प्रौढ, म्हातारा, आणि मागे डोंगर. सहलीला आलेला माणूस एका चित्रापुढे इतका वेळ उभा राहत नाही.

असो. मुख्य मुद्दा ‘सरकारी’ या शब्दाचा आहे, आणि तो आपण ज्या सहजतेनं फेकला आहे त्याचा मला खरा राग आला.

मी कुठेही लपवलेलं नाही, की त्याला 1941 साली स्टॅलिन पारितोषिक मिळालं, 1961 साली लेनिन पारितोषिक, 1965 साली समाजवादी श्रमवीर ही पदवी. लेखात तिन्ही आहेत, दुसऱ्या परिच्छेदात. संग्रहालय 1967 साली उघडलं तेही सोव्हिएत राजवटीतच, हेही आहे. तेव्हा सार्यान सत्त्याऐंशी वर्षांचा होता आणि पुढे 1972पर्यंत जगला, म्हणजे आपल्याच नावाच्या संग्रहालयाशेजारी राहत तो चित्रं काढत होता. त्या काळात त्या देशात खासगी ट्रस्ट काढून संग्रहालय बांधायची सोय होती का? रस्ता, पुतळा, दिवा, नळ सगळंच सरकारचं होतं. मग लोकांचं प्रेम व्यक्त व्हायचं तरी कुठून?

ते कुठून होतं ते मी पाहिलं आहे. ऑपेराच्या जवळ त्याच्या नावाची बाग आहे, तिथे 1986 साली उभारलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे. पुतळा सरकारनं बसवला, कबूल. पण त्याच्या पायाशी चित्रकार येऊन आपली चित्रं मांडतात, ती कुणाच्या हुकमावरून? एका रविवारी तिथे एक म्हातारे चित्रकार होते. चित्रं झाडाला टेकवून ठेवलेली, बसायला घडीची खुर्ची, थर्मासमध्ये कॉफी. जर्दाळूच्या झाडांमागे अरारात, असं एक छोटं चित्र मी घेतलं. पैसे देताना मी माझ्या तोडक्या आर्मेनियनमध्ये पुतळ्याकडे हात करून “सार्यान?” एवढंच म्हटलं. त्यांनी माझा अंगठा धरला आणि कॅनव्हासवरच्या सावलीच्या जागेवर टेकवला. सावली निळी होती. काळा किंवा राखाडी रंग त्यात औषधाला नव्हता. आणि मग त्यांनी पुतळ्याकडे बोट केलं. सावली निळी रंगवायला आपण कुणाकडून शिकलो, हे त्या माणसानं मला भाषा येत नसताना सांगितलं. याला कृतज्ञता म्हणू नये, तर काय म्हणावं?

सार्यान तर आर्मेनियात जन्मलेलाही नाही. डॉन नदीकाठच्या नोर नाखिचेवानचा, रोस्तोवजवळचा. त्याचे पूर्वज क्रिमियातून तिथे जाऊन वसलेले आर्मेनियन. मॉस्कोत शिकला, 1910 साली कॉन्स्टँटिनोपल, 1911 साली इजिप्त, 1913 साली इराण फिरून आला. 1915 साली तुर्कस्तानातून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांना मदत करायला तो एचमियाझिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाच्या गावी, गेला. सहा वर्षांनी बायकोमुलांना घेऊन येरेवानला राहायला गेला, तेव्हा ते धुळीचं, उपाशी गाव होतं. 1928 साली पॅरिसला त्याचं प्रदर्शन झालं. परतताना नोवोरोस्सीस्क बंदरात जहाजाला आग लागली आणि सुमारे चाळीस चित्रं जळाली. माणूस पुन्हा रंग घोटायला बसला. येरेवानमधून जो अरारात डोंगर रोज दिसतो तो सीमेपलीकडे तुर्कस्तानात आहे, तिथे त्यांना जाता येत नाही. तो डोंगर या माणसानं आयुष्यभर रंगवून त्यांच्या भिंतीवर आणून दिला. हे त्या लोकांना पारितोषिकांच्या यादीतून कळलेलं नाही.

आणि सोव्हिएत राजवट 1991 साली संपली. आपल्या तर्कानं सरकारी चित्रकारही तेव्हाच संपायला हवा होता. येरेवानमधला लेनिनचा पुतळा त्याच वर्षी उतरवला. सार्यानचा पुतळा कुणी हलवला नाही. 1999 साली स्वतंत्र आर्मेनियानं वीस हजार द्रामच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला. नोट सरकारच छापतं, हे आपण सांगण्याआधी मीच सांगतो. पण ते दुसरं सरकार होतं, आणि पहिल्याच्या आवडीनिवडी डोक्यावर घेण्याचं त्याला काही कारण नव्हतं.

सरकारी सत्कार आणि लोकांचा सत्कार यांतला फरक मला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एकतीस वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं पहाटे आमच्या ओसरीवर यायची. ज्यांच्याकडे रंगपेटी नसे त्यांच्यासाठी अण्णा कॅम्लिनच्या ट्यूब स्वतः आणत. त्यांना जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला. शाल, श्रीफळ, पाहुण्यांच्या भाषणात अण्णांचं नाव चुकलेलं, आणि फोटो होईपर्यंत सगळे घाईत. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, अण्णांची बावीस निसर्गचित्रं चौकटीत बसवली आणि शाळेच्या सभागृहात लावली. त्या दिवशी एक रिक्षावाला आला होता. सातवीत शाळा सोडलेला. तो म्हणाला, सर, रिक्षाच्या मागचं कमळ मी स्वतः काढलंय, बाहेर येऊन बघा. अण्णा बाहेर गेले, चष्मा पुसून बघितलं, आणि म्हणाले, पाकळीची कड जरा जाड झाली.

दोन वर्षांनी व्यवस्थापन बदललं आणि ती बावीस चित्रं अडगळीच्या खोलीत गेली. मी स्वतः तिथून उचलून आणली, सातांना वाळवी लागली होती. कलावंताचा जिवंतपणी आणि मागे मान कसा राखतात, किंवा राखत नाहीत, हे मी त्या खोलीत पाहिलं आहे. म्हणून येरेवानच्या त्या घरात मला जे वाटलं ते वाटलं. आपण त्याला भाबडेपणा म्हणता. तुम्ही कधी बापाची चित्रं वाळवीतून झटकली आहेत का, एवढंच विचारतो. हे बोलणं जरा जास्त झालं, मला कळतंय, पण शब्द मागे घेत नाही.

चारेंत्सचा मुद्दा. सार्याननं 1923 साली त्याचं व्यक्तिचित्र केलं, आणि ते आजही लोक बघतात. 1937च्या स्टॅलिनच्या दहशतीत कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, हा एका चित्रकारापुरता विषय नाही आणि माझ्या लेखाचाही नव्हता. त्यावर वाद घालायचा नाही.

लेख लांब आहे, तर लांब आहे. ज्यांना कंटाळा आला त्यांनी मधेच सोडला असेल, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून दिसतंच.

टोपणनावामागून लिहिण्याला माझी हरकत नाही, पण ‘निव्वळ’ हा शब्द वापरताना समोर माणूस आहे एवढं लक्षात ठेवा. असहमती इथे कुणी पुसत नाही, तुमची प्रतिक्रियाही जशीच्या तशी राहील.

फोटो माझ्या जुन्या मोबाइलचे होते. भाच्याला सांगितलं आहे, तो येत्या रविवारी बागेत जाऊन नवे काढून पाठवणार आहे. ते म्हातारे चित्रकार तिथे असले, तर त्यांच्या चित्रातल्या निळ्या सावलीचा जवळून एक फोटो काढ, असंही सांगितलंय.