निळीच्या पिंपात कोपरापर्यंत

सोलापूरच्या माणसाला कापड दाखवताना दुकानदारानं दोन गोष्टी तयार ठेवाव्यात: उजेड आणि उत्तर. प्रश्न एकच असतो, "रंग जातो का?" माझ्या मावशीनं हा प्रश्न पैठणीला विचारलाय, प्लास्टिकच्या टेबलक्लॉथला विचारलाय आणि स्वतःच्या जावयाच्या फेट्यालाही विचारलाय. अशा बाईला जपानमध्ये नैसर्गिक निळीत कापड रंगवायला नेणं म्हणजे विकतचं दुखणं. ते विकत घेतलं माझ्या मावसबहिणीनं, तेही ऑनलाइन आणि आगाऊ पैसे भरून. म्हणजे पळवाटही नाही.

मावसबहीण ओसाकात राहते. तिथून बसनं आकाशी सामुद्रधुनीवरचा पूल ओलांडायचा, आवाजी बेट पार करायचं, की शिकोकू बेटावरचं तोकुशिमा येतं. हा पूल १९९८ साली झाला, त्याचा मधला एकच गाळा १,९९१ मीटरचा आहे. मावशी त्यावरून घोरत गेली.

तोकुशिमात नीळ पिकते याचं श्रेय योशिनो नदीच्या वाईट स्वभावाला आहे. वादळांच्या मोसमात ती हटकून शेतात शिरायची आणि कापणीला आलेला भात घेऊन जायची. नीळ मात्र वादळं यायच्या आत कापून होते, शिवाय पुरानं आणलेला गाळ फुकट. लोकांनी भाताशी भांडण सोडलं, नीळ लावली आणि व्यापाऱ्यांनी तिच्या जिवावर वाडे बांधले. त्यांचं झाड आपल्या निळीसारखं शेंगांचं नाही, वेगळ्याच कुळातलं आहे. पानात दडलेला निळा मात्र तोच.

आम्ही गेलो तो कारखाना म्हणजे एक जुनं लाकडी घर. आत पाऊल टाकताच वासानं स्वागत केलं. मावशीनं पदर नाकाला लावला आणि विचारलं, "यांच्याकडे म्हशी आहेत का?"

म्हशी नव्हत्या. निळीची वाळलेली पानं ढिगात घालून, पाणी मारून, पुन्हा पुन्हा उलथून सुमारे शंभर दिवस कुजवतात. ढीग आतून इतका तापतो की वाफा निघतात, आणि तरीही त्याला गवताच्या चटया पांघरतात. शेवटी जे काळपट खत हाती लागतं त्याला सुकुमो म्हणतात. ते जमिनीत पुरलेल्या पिंपात लाकडाच्या राखेच्या पाण्यात कालवायचं, त्यात चुना घालायचा, गव्हाचा कोंडा घालायचा आणि वर साके ओतायची. कोंडा आणि दारू पिंपातल्या जिवाणूंसाठी. ते खाऊनपिऊन खूश राहिले तरच रंग उतरतो. दमले तर पिंपाला सुट्टी द्यावी लागते.

"दारूसुद्धा?" मावशी म्हणाली. "डोहाळे पुरवायचे म्हणजे काय थट्टा आहे!"

कारागीर पन्नाशीचा, अतिशय नम्र, आणि त्याची नखं मुळापासून निळी. मावशीनं भिंतीवरची सुंदर कापडं सोडून आधी ती नखं न्याहाळली. "याला विचार गं, हाताचा जातो का?" मुलीनं अदबीनं विचारलं. तो वाकून म्हणाला, नखं वाढतील तेव्हा जाईल.

मग बांधणी. जपानी बांधणीचं, म्हणजे शिबोरीचं, मोठं गाव नागोयाजवळचं आरिमात्सु. १६०८ साली जुन्या तोकाईदो रस्त्यावर ते वसलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना बांधणीचे पंचे विकून नावारूपाला आलं. तिथल्या बारीक ठिपक्यांच्या एका किमोनोला हजारो गाठी लागतात, महिनेच्या महिने जातात. आम्हाला मिळाले दोन पाट्या आणि मूठभर रबरबँड. मला पौर्णिमेचा चंद्र हवा होता, म्हणून मी रुमालाच्या मधोमध खडा बांधला. कारागीर त्रिकोणी घड्या दाखवायला लागला तर मावशी म्हणाली, "मला घड्या शिकवू नकोस बाबा, मी नऊवारी नेसवते." त्याला काही कळलं नाही, पण तो वाकला.

पिंपावर जांभळट निळा फेस जमला होता. जिवाणूंची तब्येत ठीक असल्याची ती खूण. फेस बाजूला सारायचा, रुमाल अलगद खाली न्यायचा, हवा शिरू न देता चोळायचा आणि पिळून वर काढायचा. वर आला तो रुमाल हिरवट पिवळा! "हा तर शेवाळी!" मावशी कडाडली. "निळ्याचे पैसे घेतलेत!"

कारागिरानं रुमाल फक्त उलगडून धरला. हवा लागली तशी कडेनं निळाई पसरायला लागली. पिवळेपणा आधी गेला, मग हिरवा मोरपंखी झाला आणि बघता बघता घडीच्या धारेवरून निळा आत सरकत गेला. निळा रंग पाण्यात विरघळतच नाही. पिंपातले जिवाणू त्याचं रूप पालटतात तेव्हा कुठे तो विरघळून धाग्यात शिरतो, आणि बाहेर हवेतला प्राणवायू मिळाला की धाग्यातच निळा होऊन बसतो. मावशी चक्क गप्प झाली. काकांना चाळीस वर्षांच्या संसारात हे साधलं नव्हतं.

गडद रंगासाठी हेच पुन्हा पुन्हा करायचं. मावशीचे गुडघे जमिनीतल्या पिंपापर्यंत वाकेनात, म्हणून तिला खुर्ची मिळाली आणि तिचा रुमालही माझ्याकडे आला. "तुला चोळता येत नाही, आण इकडे," म्हणत तिनं खुर्चीतूनच घडी ओढली. घडी निसटली, बुडाली.

पिंपाचा तळ ढवळायचा नसतो, गाळ उठतो. कारागिराच्या नम्र चेहऱ्यावर पहिल्यांदाच आठी पडली. "अरे, काढ की!" मावशी. मी हात घातला. हातमोजा मनगटाच्या थोडा वरपर्यंत, पिंप त्याहून बरंच खोल. घडी सापडली तेव्हा दोन्ही मोजे भरले होते.

पाण्यात खळबळून सोडल्यावर मावशीच्या रुमालावर देखणी षटकोनी फुलं उमलली. माझ्या चंद्राला खग्रास ग्रहण लागलं होतं.

गप्पांत कळलं की मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, भारतातून स्वस्त नीळ आली, मागोमाग जर्मनांची रासायनिक, आणि इथली शेती बसली. मावशी कळवळली. "सांग त्याला, आमच्याकडे 'निराळी' म्हणून निळीच्या रंगाऱ्यांची जात आहे, त्यांचाही हाच धंदा होता, तोही बसला. आणि आमच्यावर राग नाही ना, विचार." त्या निर्यातीत आपल्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं ते १९१७ साली चंपारणनं जगाला सांगितलं आहे, पण एवढं भाषांतर करायला मावसबहिणीनं नकार दिला. निघताना कारागिरानं बजावलं: सुरुवातीला वेगळं धुवा, सावलीत वाळवा, पांढऱ्यावर घासू नका.

"म्हणजे जातो," मावशी तृप्त होऊन म्हणाली.

माझ्या हाताचा मात्र जाईना. मुक्कामाच्या ठिकाणी गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह होतं. कुंडात उतरण्याआधी अंग लख्ख घासायचं, हा तिथला कडक नियम. मी घासघास घासलं. कातडं लाल झालं, निळं तसंच. निळा रंग पाण्यात विरघळत नाही हे रसायनशास्त्र मला पाठ होतं, पण दहाबारा परक्या माणसांत विवस्त्र उभं असताना विज्ञानावरचा विश्वास डळमळतो. शेवटी गळ्यापर्यंत पाण्यात बसलो आणि दोन्ही हात कोपरापासून वर धरले. समोर डोक्यावर घडीचा पंचा ठेवून एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ही भारतीय स्नानाची रीत असावी असं त्यांना वाटलं असणार, कारण पाहुण्याचा मान राखत त्यांनीही दोन्ही हात वर केले.