दिवस राहिले म्हणून फिटच्या गोळ्या बंद करू नका

सतत फिरणाऱ्या एका मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: फिट येणाऱ्या बाईनं मूल होऊ देऊ नये, कारण मुलालाही तो आजार होतोच. दिवस राहिलेच तर गोळ्या लगेच बंद कराव्यात. बाळाला अंगावर पाजू नये.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेल्या बहुतेक बायकांची बाळं निरोगी जन्मतात आणि त्यातल्या बहुतेकांना पुढेही फिट येत नाहीत.

गोळ्या बंद करण्याचा सल्ला मात्र जिवावर बेतणारा आहे. गोळी एकाएकी तुटली की एकामागून एक फिट येत राहू शकतात. त्यात आईचा जीव जाऊ शकतो, बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो. गोळी कोणती, हे मात्र पाहावंच लागतं. सोडियम व्हॅल्प्रोएटवर 100 पैकी साधारण 10 बाळांत मोठं जन्मजात व्यंग आढळतं, शिवाय 30 ते 40 मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटामवर व्यंगाचं प्रमाण एरवीइतकंच, म्हणजे 100 पैकी 2-3. त्यामुळे गोळी बदलायची ती दिवस राहण्याच्या काही महिने आधी, न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली. फॉलिक ॲसिडही तेव्हापासूनच. व्हॅल्प्रोएट चालू असतानाच दिवस राहिले, तर मनानं बंद न करता ताबडतोब डॉक्टरांना गाठायचं.

गरोदरपणात लॅमोट्रिजिन शरीरातून भराभर बाहेर पडतं, रक्तातली पातळी कधी निम्म्यावर येते. फिट वाढल्या की घरचे गरोदरपणाला बोल लावतात. खरं तर डोस अपुरा पडलेला असतो. बाळंतपणानंतर तोच वाढवलेला डोस उतरवायला विसरलं, तर चक्कर येते, एकाचे दोन दिसतात.

अंगावर पाजायला बहुतेक गोळ्यांची आडकाठी नसते. फिनोबार्बिटाल चालू असेल तर बाळ फार झोपाळू नाही ना, नीट ओढतंय ना, एवढं बघा. खरी शत्रू जागरणं, झोप मोडली की फिट येऊ शकते. रात्रीचं एखादं पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कुणी सांभाळावं. अचानक फिट आली तर बाळाला इजा नको म्हणून त्याचे कपडे जमिनीवर बसून बदलावेत, अंघोळ एकटीनं घालू नये.

आता लपवाछपवीचं. असल्या मेसेजमुळेच बायका पाकिटातल्या गोळ्या काढून भलत्याच डबीत ठेवतात. घर माणसांनी भरलं की डोस चुकतो, आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांनाही काही सांगितलेलं नसतं. घरी नाही सांगितलं तरी निदान त्यांना सांगाच. प्रसूतीला जाताना गोळ्या मूळ पाकिटासकट न्या आणि कळा सुरू असल्या तरी ठरल्या वेळी घ्या.