माझ्या नातीचं चॅनल कुठे गेलं?

नागपूरच्या मे महिन्याबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. पारा ४५ च्या वर, बारा ते पाच पोरांना फाटकाबाहेर सोडायची सोय नाही. मुलगा आणि सून दोघंही मिहानमध्ये कामाला, त्यामुळे सहा वर्षांची नात दिवसभर आम्हा दोघांजवळ. तिचे आबाजी जेवून आडवे होतात. आम्ही दोघी हॉलमध्ये कूलरसमोर, हातात पन्हं. कूलरच्या घरघरीमुळे टीव्हीचा आवाज वाढवावाच लागतो. तिला अजून धड वाचता येत नाही, पण तिच्या चॅनलचा आकडा तिला तोंडपाठ आहे.

त्या दिवशी तिने आकडा दाबला तर पडद्यावर नुसती पट्टी आली. परत दाबला. मग रिमोटचं झाकण उघडलं, सेल काढले, फ्रॉकला पुसले आणि परत बसवले, अगदी मी करते तसे. तरी पट्टीच. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, ते सगळे कुठे गेले?"

केबलवाल्या पोराला फोन लावला. ओळखीचा आहे, चांगला आहे. म्हणाला, "काकू, पॅक बदलला ना. वरूनच आलं. कंपन्या एक झाल्या, नवीन पॅकमध्ये ते नाही. पाहिजे असेल तर वेगळे पैसे लागतील." त्याच्यावर काय रागावणार? पण हे "वरून" म्हणजे कुठून, ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज हे सविस्तर लिहितेय.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. विलीनीकरण म्हणजे काय ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय. दोन बँका एक झाल्या की एकाच रस्त्यावर दोन शाखा होतात, आणि मग एक बंद होते. कोणती? जिथे पेन्शनवाले, बचत गटाच्या बायका, दोन-दोन हजारांची खाती असलेले लोक येतात ती. त्यांच्याकडून कमाई कमी आणि त्यांची तक्रार वरपर्यंत पोचत नाही. टीव्हीच्या धंद्यात मुलांची वाहिनी म्हणजे हीच शाखा.

२०२४ च्या फेब्रुवारीत रिलायन्सची व्हायाकॉम१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया एक करायचं ठरलं. सौदा ७०,३५२ कोटींचा. नोव्हेंबरात तो पुरा होऊन जिओस्टार ही कंपनी झाली. तेव्हा सगळी चर्चा क्रिकेटची चालली होती, सामन्यांचे हक्क आणि जाहिराती एकाच हातात जाणार म्हणून. मुलांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. खरं तर एका बाजूला निक, सोनिक, निक ज्युनिअर होत्या, दुसऱ्या बाजूला डिस्ने, डिस्ने ज्युनिअर, हंगामा, सुपर हंगामा. कालपर्यंत एकमेकांशी भांडणाऱ्या या वाहिन्या एका छपराखाली येणार होत्या. कंपन्या एक होताना मक्तेदारी होऊ नये हे पाहणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाच्या ते लक्षात आलं, हे मान्य करायला हवं. मंजुरीसाठी ज्या सात वाहिन्या विकायचं कंपन्यांनी कबूल केलं, त्यांत हंगामा आणि सुपर हंगामा होत्या. कलर्स मराठी आणि तिची एचडी वाहिनीही होती. ती यादी वाचताना मी थांबले. हातचं सोडायची वेळ आली तेव्हा पुढे काय केलं, तर मुलांचं आणि मराठीचं.

हंगामा सुरू झाली २००४ मध्ये, यूटीव्हीने काढली होती. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता. दोन वर्षांतच ती डिस्नेने घेतली. एखादं मूल या घरातून त्या घरात द्यावं तशी ही वाहिनी फिरतेय.

कार्टून नेटवर्क आणि पोगोची गोष्ट निराळी नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत त्यांची मालक कंपनी वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी एक झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या एचबीओ मॅक्स या ॲपवरून कित्येक कार्यक्रम उतरवले गेले, त्यांत कार्टून भरपूर. जवळजवळ तयार झालेला मुलांचा एक ॲनिमेशनपट प्रदर्शित न करताच ठेवून दिला. लोकांनी वर्षानुवर्षं बसून एकेक चित्र काढलेलं असतं हो त्यात! पुढे डिसेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने त्याच कंपनीचा स्टुडिओ आणि एचबीओ मॅक्स घ्यायचा करार केला, त्यात कार्टून नेटवर्क नव्हतं. ते बाकी वाहिन्यांबरोबर वेगळ्या कंपनीत काढायचं होतं. लगेच पॅरामाउंटने अख्ख्या कंपनीवर शेअरमागे ३० डॉलरची बोली लावली. आणि निकलोडियन, म्हणजे निक, मूळ पॅरामाउंटचं. म्हणजे एका सौद्यात मुलांची वाहिनी बाहेर ठेवलेली, दुसऱ्यात ती जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या मालकाच्या घरात.

"आपल्याला काय त्याचं, कार्टून तर दिसतंय ना" असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते: भीम कुठून आला? पोगोवर २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा छोटा भीम आला. २०१२ मध्ये निकवर मोटू पतलू आले, लोटपोट मासिकातल्या पात्रांवरून. समोरच्याकडे भीम आहे म्हटल्यावर आपल्याकडेही इथलं काहीतरी पाहिजे, ही चुरस होती, म्हणूनच इथल्या कार्टूनवर कोणी पैसा लावला असं माझं ठाम मत आहे. सगळ्या वाहिन्या एकाच मालकाच्या झाल्या तर नवीन काढायची गरज कोणाला? जुने भाग फिरवा, आवाज बदला, झालं.

आवाज बदलण्यावरून आठवलं. माझी नात अंगणात पडली की "आई गं" म्हणत नाही, "बचाओ!" ओरडते. हिंदीशी माझं वैर नाही, नागपुरात कोणाचंच नाही, आपण भाजीवाल्याशी अर्धं वाक्य हिंदीत बोलतो. पण मुलीची पहिली हाक कोणत्या भाषेत निघावी, हे कुठल्यातरी कंपनीच्या फायद्या-तोट्यावर ठरावं, हे मला बोचतं. सन टीव्हीने तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा चार भाषांत मुलांच्या चार वाहिन्या काढल्या. आपल्याकडे २०२१ मध्ये ईटीव्हीची बाल भारत मराठीत आली, तिचं मनापासून कौतुक आहे. बाकी मोठ्या कंपन्यांत मराठीची जागा कुठे, तर फार तर आवाजाच्या पर्यायांत एक.

आमच्या पिढीच्या घरात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा. १९९३ ची गोष्ट. गल्ली ओस पडायची. त्या कथेतलं जंगल सिवनीचं, म्हणजे जबलपूर रस्त्याने गेलं की लागतं ते आपलं पेंचच. आपल्या शेजारच्या जंगलाची गोष्ट एका इंग्रजाने लिहिली, जपानने तिचं कार्टून केलं आणि आपल्या पोरांनी ती हिंदीत पाहिली. मग तान्ह्या पोळ्याचं कार्टून कोण करणार? लाकडी बैलाला झूल घालून, चाकांवर ओढत, दारोदार बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागत फिरणारी पोरं, नागपूरच्या मिरवणुकीतले काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे, एवढं रंगीत सगळं आहे. विदर्भाची बाजारपेठ छोटी म्हणून ते होणार नाही, आणि मालक जितके कमी तितकं ते आणखी होणार नाही.

"यूट्यूब आहे ना" असं सूनही म्हणते. आहे. पण टीव्हीवर काय दाखवलं त्याला जाब विचारायला एक वाहिनी होती. मोबाइलवर एक संपलं की दुसरं आपोआप लागतं, आणि पोरगी तो घेऊन कोपऱ्यात जाते. टीव्ही निदान माझ्यासमोर चालतो, मी भाजी निवडता निवडता तिला विचारू शकते की हा असं का वागला.

सरकारनेही वेगळं काही केलेलं नाही. १९५५ पासूनची बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. जी एक संस्था फक्त मुलांची होती तीही गेली. तिकडे बीबीसी २००२ पासून अगदी लहानग्यांसाठी बिनजाहिरातीची वाहिनी चालवतेय. मुलांच्या कार्यक्रमातून नफा होवो न होवो, ते काम कोणीतरी अंगावर घ्यावंच लागतं. लहान मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवर २०२२ मध्ये नियम कडक झाले, ते योग्यच झालं. पण मग कार्यक्रमांचा खर्च कोण उचलणार, हा प्रश्न तिथेच सोडून कसं चालेल?

स्पर्धा आयोगाने अशा सौद्यात वाहिन्यांची संख्या मोजून थांबू नये. मुलांसाठी वर्षाला नवीन किती तास, त्यांतले मराठीत किती, हे कंपनीकडून लिहून घ्यावं. आणि आपलं दूरदर्शन केंद्र इथेच सेमिनरी हिल्सवर आहे. सह्याद्रीवर उन्हाळ्यात दुपारी दोन तास मुलांना द्या, त्यातला अर्धा तास विदर्भातून बनवा. गोष्ट सांगणारी माणसं, चित्रं काढणारी पोरं नागपुरात कमी नाहीत.

दूरदर्शन केंद्राला द्यायचा अर्ज मी हाताने लिहून ठेवलाय, दीड पान झालंय. नातीने खाली चाकांचा बैल काढलाय, तो तसाच ठेवणार आहे. सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी दहाच्या आत घरी या, ऊन चढायच्या आधी. सोमवारी मी स्वतः नेऊन देणार आहे.