काका, ओळ अजून यायची आहे

पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं हलवता येतात ही बातमी आमच्या सेक्रेटरीकाकांपर्यंत पोचायला नको होती. पण शेजारच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचं प्रेझेंटेशन बघायला ते उगाचच जाऊन बसले, आणि तिथे बिल्डरच्या माणसाने ‘वाढीव कार्पेट एरिया’ हे शब्द पडद्याच्या कोपऱ्यातून भिरभिरत आणले. आपल्याला टॉवर मिळो न मिळो, भिरभिरणं तरी मिळालंच पाहिजे, असं ठरवून काका घरी आले. घरी म्हणजे आमच्या घरी. मी बँकेत आहे, बँकेत कॉम्प्युटर असतात, म्हणून मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं अशी आमच्या बिल्डिंगची समजूत आहे. या हिशेबाने कॅशियरला नोटा छापता यायला हव्यात.

“यंदा अहवाल वाचायचा नाही,” काका म्हणाले. “उडवायचा.”

गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी पूर्ण चौदा दिवसांची नोटीस लावावी लागते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांची भरते. कायद्याने एवढं सगळं बांधून दिलेलं आहे. पण ताळेबंदातली शिल्लक सभासदांसमोर उजवीकडून यावी की छतातून पडावी, याबद्दल उपविधी अगदी गप्प आहेत. ही उणीव काकांच्या लक्षात आली.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ॲनिमेशनच्या यादीत तीन रंगांचे तारे असतात. हिरवे येण्याचे, पिवळे आल्यावर अंगविक्षेप करण्याचे आणि लाल निघून जाण्याचे. हे ऐकल्यावर काकांनी विचार केला आणि म्हणाले, “मग सगळ्यांना तिन्ही लाव. कुणावर अन्याय नको.” यादीच्या खाली आणखी इफेक्ट्सचं एक दार आहे, आणि आत गेलं की चार गट लागतात: बेसिक, सटल, मॉडरेट आणि एक्सायटिंग. काकांची सगळी नोकरी रेल्वेच्या अकाउंट्स खात्यात गेली. बेसिक आणि मॉडरेट त्यांचं तिथेच उपभोगून झालं होतं. त्यांनी थेट एक्सायटिंगवर बोट ठेवलं.

आता निवड मात्र त्यांनी विचारपूर्वक केली, हे मान्य केलं पाहिजे. ‘टाकीची सफाई’ला स्पायरल दिलं, कारण पाणी गोल फिरतं. ‘गच्चीची गळती’ला बूमरँग. हे त्यांनी गंमत म्हणून केलं की अनुभवातून, हे मी विचारलं नाही. गळती आमच्या प्रत्येक अहवालात जाते आणि परत येते. ‘लिफ्ट दुरुस्ती’ला बाऊन्स लावला, आणि ते दोन शब्द जिन्यावरून निसटलेल्या स्टीलच्या वाटीसारखे टणाटण उड्या मारत खाली आले. ते बघून काका इतके खूश झाले की त्यांनी आमच्या आईला ओट्यावरून बोलावून आणलं. आई म्हणाली, “लिफ्ट अशीच येते खरी.”

मग आवाज. प्रत्येक इफेक्टला आवाज जोडता येतो, त्यात टाळ्या आहेत, बॉम्ब आहे, हातोडा आहे, ढोल आहे आणि गल्ल्याचा खण उघडल्याचा आवाजही आहे. हा शेवटचा आवाज खजिनदारांच्या प्रत्येक आकड्याला हवा, असा काकांचा आग्रह. खर्चाच्या आकड्यालासुद्धा. मी म्हटलं, “काका, हा पैसे आत येण्याचा आवाज आहे.” त्यावर ते म्हणाले, “कुणाच्या तरी आत जातातच की!”

वेगावरूनही वाद झाला. ओळ अर्ध्या सेकंदात येऊ शकते, एका सेकंदात येऊ शकते, आणि यादीच्या दुसऱ्या टोकाला ‘एक्स्ट्रीमली स्लो’ नावाचा वीस सेकंदांचा पर्यायही आहे. तो कोणासाठी ठेवला असेल याचं कोडं मला नेहमी पडायचं. ते काकांसाठी. “ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांना दिसायला नको?” पुष्कळ घासाघीस करून मी त्यांना पाच सेकंदांवर आणलं. पाच सेकंद कमी वाटतात. एका स्लाइडवर आठ ओळी घ्या, प्रत्येक ओळीला पाच सेकंद द्या, आणि मग त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत बसा.

पण मला खरा घाम फोडला तो मराठी फॉन्टने. काकांचा जुना अहवाल एका डीटीपीवाल्याने युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरला मराठी अक्षर मराठी म्हणून ओळखू देणारी पद्धत, यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता आणि दर वर्षी त्यातले फक्त आकडे बदलले जात होते. त्या जुन्या फॉन्टांची गंमत अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नसतेच. ती इंग्रजी अक्षरं असतात, फक्त त्यांना मराठी आकाराचे कपडे घातलेले असतात. ‘शि’ लिहायचा तर आधी पहिली वेलांटी दाबायची, मग अर्धा श, मग त्याचा उभा दांडा. कागदावर छापलं की सगळं सुखाने एकत्र नांदतं. पण काकांना ‘बाय लेटर’ हवं होतं, म्हणजे एकेक अक्षर सुटं सुटं येणार. आणि कॉम्प्युटरचं अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून देते म्हटलं, तर काका म्हणाले, “नको, त्यातला श फार सुबक आहे.”

थोडं विषयांतर करते. पॉवरपॉइंट १९८७ साली पहिल्यांदा मॅकिंटॉशवर आलं तेव्हा त्यात काहीही उडत नव्हतं. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत ते तयार केलं. काळ्या-पांढऱ्या रंगातली सुबक पानं छापावीत आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिका बनवाव्यात, एवढाच त्याचा उपयोग होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. त्या पारदर्शिका मी कॉलेजात पाहिल्या आहेत. आमचे अर्थशास्त्राचे सर पारदर्शिकेवर एक कोरा कागद ठेवायचे आणि बोलता बोलता तो खाली सरकवायचे. एक ओळ दिसायची, तिच्यावर सर बोलायचे, मग पुढची. कुणी शंका काढली की कागद जागच्या जागी थांबायचा. माझ्या मते ओळींच्या हालचालीतला तेवढाच भाग कामाचा, आणि पॉवरपॉइंटमध्ये तो ‘ॲपिअर’ या नावाने यादीत सगळ्यात आधी बसलेला आहे. ओळ नसते, क्लिक केलं की असते, संपलं. पण यादीत पहिल्या असलेल्या गोष्टीवर समाधान मानणारा माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होत नाही. शिवाय सरांच्या वेळी कागद सरकवणारा हात आणि बोलणारं तोंड एकाच माणसाचं होतं. आमच्या सभेत तोंड काकांचं आणि बोट माझं.

सभा पार्किंगमध्ये. दोन स्कूटर हलवून तिथे प्रोजेक्टर ठेवला, भिंतीवर चेअरमनकाकूंच्या घरची पांढरी चादर ताणून बांधली. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली, आणि अर्धा तास झाल्यावर तीच मंडळी तिथेच बसलेली असल्याने सुरू झाली. काकांनी माइक हातात घेतला. “सन्माननीय सभासदहो, पुढे.”

या ‘पुढे’ने माझा घात केला. काकांच्या बोलण्यात ‘पुढे’ हा शब्द दर वाक्याला येतो. पुढे असं झालं, पुढे तसं झालं, पुढे आपण ठेकेदाराला पत्र दिलं. त्यातलं कुठलं ‘पुढे’ माझ्यासाठी आणि कुठलं सभासदांसाठी, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, आणि चेहरा अंधारात. ओळ यायला पाच सेकंद, काकांना ती वाचायला दोन. त्यामुळे काका चादरीकडे तोंड करून उभे आणि मी लॅपटॉपमागून हलक्या आवाजात, “काका, ओळ अजून यायची आहे.” मधेच क्लिक केलं तर येणारी ओळ दचकून एकदम जागेवर जाऊन बसते. तसं झालं की काका वळून माझ्याकडे बघत. त्यांची एक उडी वाया गेलेली असायची.

मग ताळेबंद आला. खजिनदार उठून उभे राहिले. चादरीवर आधी एक वेलांटी उमटली. नुसतीच.

“हे काय आहे?” पहिल्या रांगेतून प्रश्न.

“येतंय, येतंय,” काका.

पाठोपाठ अर्धा श आला. मग त्याचा दांडा आला. मग अर्धा ल आला, आणि नेमका तिथे कुणाचा तरी पाय वायरीत अडकून प्रोजेक्टर बंद पडला. अंधारात मागून आवाज आला, “शिल्लक अर्धीच आहे वाटतं.” खजिनदार तडकले. आपण हिशेब तपासनिसाकडून तपासून घेतलेला आहे आणि शिल्लक पूर्ण आहे, हे त्यांनी वीज कडाडल्यासारख्या आवाजात सांगितलं. प्रोजेक्टर पुन्हा सुरू झाला तेव्हा गल्ल्याचा खण उघडल्याचा आवाज झाला, त्यामुळे त्यांचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

थकबाकीदारांची स्लाइड काकांची लाडकी. फ्लॅटचे नंबर लाल रंगात, त्यावर ‘ब्लिंक’, आणि तेही स्लाइड संपेपर्यंत चालू राहणारं. नंबर लागतो, विझतो, लागतो, विझतो. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका ताडकन उभे राहिले.

“माझे पैसे भरलेत. जुलैची पावती आहे माझ्याकडे.”

“खात्यात दिसत नाहीत,” खजिनदार म्हणाले.

“मग हा माझा नंबर आहे की नाही?”

सगळ्यांनी चादरीकडे पाहिलं. नंबर होता. आता नव्हता. पुन्हा होता. हा वाद बराच रंगला, आणि तो चालू असेपर्यंत त्यांच्यावर थकबाकी येत होती नि माफ होत होती. शेवटी चेअरमनकाकू म्हणाल्या, “अगं, ते आधी बंद कर, मला चक्कर येतेय.” पण ते बंद करायचं तर स्लाइडच सोडायला हवी होती, आणि स्लाइड सोडायला थकबाकीदार तयार नव्हते. त्यांना आपलं नाव साफ झालेलं तिथल्या तिथे बघायचं होतं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना टाकीच्या सफाईचा आकडा पुन्हा बघायचा होता. “जरा मागे घे गं.” मागे घेणं हा या सगळ्यातला सगळ्यात जीवघेणा प्रकार. मागचं बटण दाबलं की स्लाइड मागे जात नाही, आधी चालू स्लाइडवरची एकेक ओळ उलट्या क्रमाने पुसली जाते. थेट स्लाइडचा नंबर दाबून एंटर केलं तर तिथे पटकन पोचता येतं, पण मग ती स्लाइड कोरी उघडते आणि सगळे आगमनसोहळे पहिल्यापासून सुरू होतात. मी दुसरा मार्ग धरला. टाकी पुन्हा गोल गोल फिरत आली, पाच सेकंद. ठेकेदार आला, पाच सेकंद. आकडा येईपर्यंत काकूंना फोन आला आणि त्या बोलायला गेटपाशी गेल्या.

मला माहीत होतं, की स्लाइड शोच्या सेटिंगमध्ये ‘शो विदाउट ॲनिमेशन’ नावाची एक छोटीशी चौकट असते. तिच्यावर टिचकी मारली की सगळ्या ओळी आज्ञाधारकपणे पहिल्यापासून जागेवर उभ्या राहतात, कुणी उडत नाही, कुणी मिचकावत नाही. चहाच्या सुट्टीत माझं बोट तिथपर्यंत गेलंही होतं. पण काका चहा घेऊन माझ्याच मागे उभे राहिले. “छान चाललंय ना? लोक बघतायत बघ.” लोक बघत होतेच. एरवीच्या सभेत अहवाल चालू असताना निम्मे मोबाइलमध्ये असतात आणि उरलेले निम्मे पार्किंगच्या जागेवरून भांडतात. इथे सगळे चादरीवर डोळे लावून पुढची ओळ कुठल्या बाजूने येते याची वाट बघत होते. पुढच्या रांगेतल्या मुलांनी तर पैजा सुरू केल्या होत्या. डावीकडून की खालून.

नऊ वाजत आले. हवेत बटाटेवड्यांचा वास होता. कोपऱ्यातल्या पातेल्यावरचं झाकण कुणीतरी दोनदा उचलून पाहिलं होतं. आणि मग शेवटून दुसरी स्लाइड आली. ती आली म्हणजे नुसती होती. एकच ओळ: पुढील महिन्यापासून मासिक देखभाल शुल्कात प्रति सदनिका ५०० रुपये वाढ. ना उडी, ना गिरकी, ना टाळ्या. तयारीच्या वेळी मी विचारलं होतं तेव्हा काका म्हणाले होते, “याला काही नको, साधंच राहू दे.” मला वाटलं होतं, दमले असतील.

“सर्वांना मान्य?” काकांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत मला म्हणाले, “पुढे.”

पुढे ‘धन्यवाद’ होतं. ते गिरक्या घेत, टाळ्यांच्या कडकडाटात, एकेक अक्षर करत यायला लागलं. त्याचा ‘ध’ पूर्ण होईपर्यंत खुर्च्या सरकल्या होत्या आणि पातेल्याभोवती रांग लागली होती. इतिवृत्त आठ दिवसांनी नोटीस बोर्डवर लागलं. ठराव एकमताने मंजूर. सूचक, खजिनदार. अनुमोदक म्हणून माझं नाव होतं.