राष्ट्राध्यक्ष व्हा, पण आधी पावडर लावा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष व्हायचे मनावर घेतले आहे ना? उत्तम. जन्माने अमेरिकन नागरिकत्व, वय किमान 35 आणि देशात 14 वर्षे वास्तव्य, एवढ्याच अटी राज्यघटनेत आहेत. अकलेचा उल्लेख कुठेही नाही. तेव्हा जाहीरनाम्याचा गठ्ठा माळ्यावर टाका आणि प्रतिस्पर्ध्याशी टीव्हीवर होणाऱ्या जाहीर वादासाठी चांगला मेकअपवाला गाठा.

1960 साली निक्सन यांनी नेमकी इथेच काटकसर केली. गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले, वजन उतरलेले, अशा अवस्थेत ते वादासाठी शिकागोच्या स्टुडिओत आले. करडा सूट मागच्या भिंतीत मिसळून गेला आणि हनुवटीवरचा घाम देशभर दिसला. समोर प्रतिस्पर्धी केनेडी, उन्हात रापलेले, टवटवीत. मुद्दे कुणाचे सरस होते, हे आता कोण विचारतो? पुढच्या तीन निवडणुकांत उमेदवार वादाच्या वाटेलाच गेले नाहीत. शहाणी माणसे!

1976 मध्ये ही हौस पुन्हा उफाळली. फिलाडेल्फियात फोर्ड आणि कार्टर यांच्या वादात आवाजच गेला. तब्बल 27 मिनिटे देशाचे दोन भावी तारणहार आपापल्या पोडियममागे ताटकळत उभे होते. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सर्वात प्रामाणिक कार्यक्रम. एक थाप नाही, एक आश्वासन नाही. दुसऱ्या फेरीत दुर्दैवाने माईक चालू होता. पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे फोर्ड बोलून गेले. पत्रकाराने सावरायची संधी दिली, तर त्यांनी तेव्हा सोव्हिएत पंखाखाली असलेल्या पोलंडलाही स्वतंत्र करून टाकले. भूगोल टाळा.

घड्याळही घरी ठेवा. 1992 मध्ये थोरल्या बुश यांनी मनगटाकडे पाहिले, तेवढेच लोकांच्या लक्षात राहिले. 2000 साली गोर यांचे उसासे गाजले, म्हणजे श्वासही जपूनच घ्या.

वय झाले असेल तर विनोद करा. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा आपण गैरफायदा घेणार नाही, असे 73 वर्षांचे रेगन 1984 मध्ये म्हणाले आणि 56 वर्षांचे मॉन्डेलसुद्धा हसले. विनोद सुचत नसेल तर जाऊच नका. 2024 च्या जूनमध्ये बायडन वादासाठी अटलांटाला गेले आणि जुलैत उमेदवारी सोडून बसले.

लिंकन-डग्लस यांच्या जुन्या जाहीर वादांचा दाखला कुणी दिलाच, तर घाबरू नका. 1858 साली ते सात ठिकाणी, दर खेपेस तीन-तीन तास भांडले. एवढे करून सिनेटची जागा मिळाली डग्लस यांना. तुम्हाला उत्तराला दोन मिनिटे मिळतील. त्यातले दीड मिनिट यजमान शहराचे आभार मानण्यात घालवा.