आबांचं फोल्डर आणि २६० अक्षरं

आबांना जोतिबाच्या यात्रेचे फोटो पेन ड्राइव्हवर पाहिजे होते, दोस्ताला द्यायला. मी म्हटलं पाच मिनिटांचं काम, कॉपी मारतो आणि रंकाळ्यावर चक्कर टाकून येतो. रविवार सकाळ होती, मिसळ पोटात होती, मूड एकदम भारी.

कॉपी मारली तर समोर डबा आला, सोर्स पाथ टू लाँग, म्हणजे फाइलचा पत्ता लई लांब. ट्राय अगेन, स्किप, कॅन्सल. चार वेळा ट्राय अगेन केलं, कारण आपल्याला वाटतंच की चौथ्यांदा त्याला दया येईल.

"काय म्हणतंय?" आबा मागनं.
"नाव लई लांब झालंय म्हणतंय."
"मग त्याला काय त्रास? ठेवलंय मी."

आता आबांची सगळी नोकरी सरकारी हापिसात फायली लावण्यात गेली, त्यामुळं फोल्डरचं नाव म्हणजे त्यांच्यासाठी पत्राचा विषय. 'विषय :-' एवढं तेवढं लिहिता येत नाही, कारण विंडोज नावात कोलन घेत नाही, आणि याचा राग त्यांना अजून आहे. सगळ्यात वरचं फोल्डर, 'आमच्या घरातील सर्व मंडळींचे महत्त्वाचे फोटो व कागदपत्रे (मूळ प्रत)'. त्याच्या आत 'जुन्या कॉम्प्युटरमधील सर्व माहिती', त्याच्या आत परत 'जुन्या कॉम्प्युटरमधील सर्व माहिती', आणि हे पाप माझं, दरवेळी नवीन मशीन आलं की जुनं आख्खं उचलून आत टाकायचं, नंतर निवांत लावू म्हणून. पन्हाळ्याच्या तीन दरवाज्यासारखं, एक ओलांडला की पुढं दुसरा हायच.

विंडोजचा जुना नियम असा की ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंत आख्खा पत्ता २६० अक्षरांत बसला पाहिजे, आणि त्यातलं शेवटचं एक न दिसणारं अक्षर ते स्वतःसाठी ठेवतं, म्हणजे आपल्या वाट्याला २५९. गंमत म्हणजे डिस्कवर फायली लावून ठेवायची विंडोजची जी पद्धत, एनटीएफएस, तिला ३२ हजारांच्या वर अक्षरं चालतात, अडवणारा वेगळाच. २०१६ साली विंडोज १० मध्ये ही मर्यादा उठवायची सेटिंग आली, ती मी चालू पण केली, रिस्टार्ट मारला, पण फाइल एक्सप्लोरर, म्हणजे ज्यात आपण फोल्डर उघडून कॉपी मारतो तो, तिला भीक घालत नाही.

मग पाथ नोटपॅडमध्ये टाकून मोजत बसलो. इथं कळलं की आपण मराठी माणसं यात जास्त मार खातो. 'ज्योतिबा' आपल्याला तीन अक्षरं, ज्यो, ति, बा. विंडोजला आठ! ज वेगळा, पाय मोडलेला वेगळा, य वेगळा, काना-मात्रा, वेलांटी सगळ्यांचं तिकीट वेगळं. 'कोल्हापूर' चारचं नऊ. एकूण आकडा आला २९१.

"पण मग हे एवढं लांब मला ठेवू कसं दिलं त्यानं?" आबांचा प्रश्न बिनतोड होता. उत्तर असं की आतलं सगळं आधीच होतं, आबांनी नंतर वरच्या फोल्डरचं नाव वाढवलं, आणि वरच्याचं नाव बदलताना विंडोज खाली कुणाचा गळा आवळतोय ते बघतच नाही. (नोकरीतला अनुभव असल्यामुळं हे आबांना लगेच पटलं.)

उपाय सोपा होता. त्या ६६ अक्षरी नावाच्या जागी मी नुसतं 'अ' ठेवलं. २९१ चे झाले २२६, आणि फोटो सुळसुळीत कॉपी झाले. आबा स्क्रीनकडं असं बघत होते की मी घरावरची नावाची पाटीच काढली.

बुधवारी मी शिरोलीला कामावर, आबांचा फोन.

"अरे, ते 'अ' म्हणजे काय तुझ्या आईला कळंना. म्हणून जरा नीट नाव दिलंय."
"काय दिलंय?"
"अ, कंसात, पूर्वीचे नाव, आणि पुढं आधीचं सगळं."
"आणि घेतलं त्यानं?"
"लगेच. काय बोललं पण न्हाई."