ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) गाठ दिसली म्हणजे निदान झालं? अहो, नाही!

सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आलाय: जबड्यातली सिस्ट (आत पाणी भरलेली पिशवीसारखी गाठ) म्हणजे किडक्या दाताचा प्रकार, ओपीजीत ओळखू येते, रूट कॅनाल केलं की जिरते, बायोप्सी म्हणजे पैसे उकळायचा धंदा आणि सुई लावली की गाठ पसरते. कोथरूडमध्ये इतकी वर्षं दात बघतेय, म्हणून एकदाच लिहिते.

किडक्या दाताचं अर्धं खरं आहे. सगळ्यात जास्त दिसणारी सिस्ट मेलेल्या, म्हणजे आतली नस मेलेल्या, दाताच्या मुळाशीच होते आणि लहान असेल तर रूट कॅनालने बरीही होते. पण दात मेलाय का ते आधी बघा ना! मागे धनकवडीचा एक मुलगा आला, दुसरीकडे कुठेतरी दाढेचं रूट कॅनाल झालेलं, तरी ओपीजीत अक्कलदाढेपासून पुढपर्यंत काळी सावली, गाल मात्र अजिबात सुजलेला नाही. शेजारच्या दातांना गार कापूस लावला तर पोरगं खुर्चीतून उडालं, म्हणजे दात ठणठणीत जिवंत. सुईने ओढलं तर पिवळसर पाणी नाही, चक्क्यासारखं पांढरं घट्ट आलं. तिथेच शंका आली, ही केराटोसिस्ट नावाची वेगळी सिस्ट. ही हाडाच्या आतून लांबलांब पसरते, फुगत नाही, म्हणून उशिरा कळते.

आता ‘ओपीजीत ओळखू येते’. ओपीजीत पोकळी दिसते हो, नाव नाही दिसत. अमेलोब्लास्टोमा नावाचा ट्यूमर कधीकधी हुबेहूब सिस्टसारखा दिसतो आणि त्याचं ऑपरेशन वेगळं असतं. उलट स्टाफने डिफेक्ट, १९४२ साली वर्णन झालेला, ती सिस्टच नाही, हाडाला पडलेला नुसता खळगा, त्याला हातही लावायचा नसतो. नाव ठरतं ते गाठीच्या आतल्या अस्तरावरून, त्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघून, हीच ती बायोप्सी. आणि तिथेही घोळ कमी नाहीत, केराटोसिस्टला डब्ल्यूएचओने २००५ मध्ये ट्यूमर केलं आणि २०१७ मध्ये परत सिस्ट!

सुईने पसरत नाही. उलट आधी सुई घालतो ती आपल्याच सेफ्टीसाठी, भसकन रक्त आलं तर रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, मग तिथे कापायचं नाही.

त्या मुलाचा रिपोर्ट केराटोसिस्टच आला. ऑपरेशन झालं, पण ही परत येते, म्हणून दरवर्षी ओपीजी घेऊन येतो आणि दर वेळी विचारतो, “मॅडम, अजून किती वर्षं?”